बुडालेल्या नौकेकडे जाण्यापूर्वी

लखनौपासून सागर शेकडो कोस दूर. तरीही तेथील एखादा तरुण सुटीत गोव्यास जातो, ग्रँड आयलंडजवळ उथळ पाण्यातील जहाजाचे अवशेष पाहतो, आणि श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ १९४२ साली जपानी विमानांनी बुडविलेल्या ‘हर्मिस’ या विमानवाहू नौकेची ओढ त्यास लागते. ती ५० मीटरांहून खोल आहे. नवशिक्या पाणबुड्याची मर्यादा १८ मीटर, आणि विशेष शिक्षण घेतलेल्या हौशी पाणबुड्याचीही ४०च.

दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरांवर हवा चौपट वेगाने संपते. शिवाय नायट्रोजनमुळे बुद्धीस गुंगी येते, आणि गुंगी आलेल्यास ती उमगत नाही, ही खरी मेख. म्हणून किती बुड्या झाल्या, हा आकडा फसवा. मुखवट्यात पाणी शिरले, जोडीदार दिसेनासा झाला, तर हात न गडबडता चालतात काय, हे पाहावे. नौकेच्या पोटात सरळ वर येण्याची वाटच नसते. गाळ ढवळला की दारही दिसत नाही. तेथे स्वतंत्र शिक्षण आणि वाटाड्या दोरी हवीच. तोवर नौका बाहेरूनच न्याहाळावी. तेही कमी सुख नव्हे.

परतीची घाईही नको. एका दिवसात अनेक बुड्या झाल्यास लखनौचे विमान किमान १८ तासांनी गाठावे. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागेल अशा खोल बुडीनंतर त्याहून बरेच उशिरा. अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश निघतो.