सामाईक रान आणि पहाऱ्यावरचा कॅमेरा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रानातील हरीण कोणाच्याही मालकीचे नसते. ज्याच्या शेतात ते चरते त्याच्याही नव्हे. राज्यसरकार समस्त नागरिकांच्या वतीने त्याचे विश्वस्त समजले जाते, आणि परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येइतकीच शिकार करण्याची मुभा ते लोकांना देते. विसाव्या शतकाच्या आरंभी अनिर्बंध कत्तलीमुळे अवघ्या काही लाखांवर येऊन ठेपलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज तीन कोटींच्या घरात पोहोचली, त्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या जोपासनेसाठी राज्यांना वाटून दिले जात असल्यामुळे, शिकाऱ्याच्या खिशातून निघालेला पैसाच रानाच्या रक्षणास लागतो. १९७२ च्या कायद्याने ज्या देशात शिकारीचा विषय जवळजवळ मिटविला, त्या देशातील वाचकाला ही घडी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु तिच्यात अलीकडे जो तंटा उभा राहिला आहे, तो गायरान, देवराई आणि गावतळे यांच्या वहिवाटीत वाढलेल्या आपल्या लोकांना परका वाटू नये: सामाईक वस्तूविषयीची माहिती एकट्याने साठवून ठेवली, तर ती वस्तू खऱ्या अर्थाने सामाईक राहते काय?

हा तंटा उभा करणारे यंत्र जेमतेम वीतभर लांबीचे आहे. ट्रेल कॅमेरा या नावाने ते बाजारात मिळते. व्याघ्रगणनेच्या वृत्तांतून आपण ज्याला कॅमेरा ट्रॅप म्हणून ओळखतो, तेच हे. पट्ट्याने बुंध्याला बांधलेल्या या पेटीत उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. पार्श्वभूमीहून निराळ्या तापमानाचे शरीर त्याच्या टप्प्यातून सरकले की तो कॅमेऱ्याला जागे करतो, आणि तारीख व वेळ यांच्या नोंदीसह छायाचित्र उमटते. रात्री अवरक्त दिवे हे काम भागवितात. ते ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असले तर लागताना मंद तांबूस ठिपका दिसतो, ९४० चे असले तर माणसाच्या डोळ्याला काहीच दिसत नाही, मात्र उजेडाचा पल्ला आखूड होतो. ऊन भिंगात शिरू नये म्हणून जाणते लोक कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवतात आणि समोरच्या फांद्या छाटतात, कारण तापलेली पाने वाऱ्यावर डोलली तरी संवेदक फसतो आणि रिकाम्या चित्रांनी सारे कार्ड भरून जाते.

ते कार्ड काढून आणण्यासाठी पूर्वी शिकाऱ्याला रानात जावे लागे, आणि प्रत्येक फेरीत त्याच्या अंगाचा वास त्या वाटेवर राही, जो हरणाच्या नाकाला फार उशिरापर्यंत जाणवतो. मोबाईलच्या जाळ्यावरून छायाचित्र थेट हातातील फोनवर पाठविणारे कॅमेरे निघाले, तेव्हा रानाची ही शांतता राखली जाते हेच त्यांचे प्रथम समर्थन होते, आणि ते खोटे नव्हते. पण त्याच सोयीने दुसरेही दार उघडले. उन्हाळ्यात किती नर आहेत, कोणाची शिंगे कशी वाढत आहेत, पाडसे किती जगली, हे महिनाभराने पाहणे ही निरीक्षणाची रीत झाली. अमुक नर या क्षणी अमुक पाणवठ्यावर उभा आहे अशी वर्दी घरबसल्या मिळणे आणि ती मिळताच बंदूक घेऊन निघणे, ही निराळीच गोष्ट होय.

या यंत्राचा वंशवृक्ष शिकारीतच रुजलेला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पेनसिल्व्हेनियातून काही काळ प्रतिनिधिगृहात बसलेला जॉर्ज शायरस (तिसरा) हा मुळात शिकारी. मिशिगन राज्याच्या उत्तर भागातील सरोवरांवर रात्री होडीच्या नाळेवर दिवा ठेवून, त्या उजेडाकडे टक लावून पाहणाऱ्या हरणावर नेम धरण्याची जी जुनी रीत होती, तिच्यात त्याने बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला, आणि पुढे वाटेवर तार ताणून, हरणाच्या पायानेच प्रकाशाचा स्फोट होऊन त्याचे चित्र निघावे अशी तजवीज केली. १९०६ च्या जुलै महिन्यात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याची ७४ छायाचित्रे एका अंकात छापली. हीच युक्ती आपल्याकडे तत्कालीन संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघांसाठी वापरली, आणि १९२७ साली त्यांचे वाघांच्या मुलखावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. बंदूक खाली ठेवण्यासाठी जे साधन हाती घेतले गेले, ते शतकाच्या आत बंदुकीला वाट दाखविण्याच्या कामी लागले, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

तंट्याने उग्र रूप घेतले ते ॲरिझोनात, आणि त्याचे कारण पाणी. वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची आपल्या वनखात्याची प्रथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही: जेथे पाणी थोडे, तेथे प्रत्येक जनावराला एका ठरलेल्या जागी यावेच लागते. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेस कैबाबच्या पठारावर मोठ्या शिंगांची म्यूल हरणे आहेत आणि पाणी तुटपुंजे आहे. सार्वजनिक जमिनीवरील एकेका पाणवठ्याभोवती अनेक शिकाऱ्यांचे आणि पैसे घेऊन शिकार घडविणाऱ्या वाटाड्यांचे कॅमेरे दाटीने बांधले जाऊ लागले. प्रत्येक कॅमेऱ्याचा मालक कार्ड काढण्यासाठी येणार, म्हणजे तहानेने आलेले जनावर वारंवार बुजून परत फिरणार. आणि ज्याला परवाना मिळाला पण कॅमेरे विकत घेण्याची ऐपत नाही, त्याने केवळ पावलांच्या खुणांवर विसंबून त्याच रानात उतरावयाचे. तेथील वन्यजीव आयोगाने जून २०२१ मध्ये शिकारीच्या कामी ट्रेल कॅमेरा वापरण्यास सर्वस्वी मनाई केली, आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. हा निर्णय मला योग्य वाटतो. ओसाड मुलखातील पाणवठा हा निव्वळ जमिनीचा तुकडा नव्हे. त्यावर पहारा बसविणे म्हणजे भोवतालच्या साऱ्या रानावर कब्जा सांगणे होय.

इतर राज्यांनी आपापल्या हवामानाप्रमाणे हद्द आखली. नेव्हाडात सार्वजनिक जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर कॅमेरा ठेवता येत नाही, आणि चित्र पाठविणारा असेल तर ही मुदत १ जुलैपासूनच सुरू होते. न्यू हॅम्पशायरने थेट चित्र पाठविणाऱ्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने त्याच दिवशी शिकार करण्यास बंदी घातली. कॅन्ससने २०२३ साली आपल्या वन्यजीव खात्याच्या ताब्यातील जमिनींवर कॅमेरेच नकोत असे ठरविले. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब, जो जनावराला निसटण्याची रास्त संधी देणाऱ्या शिकारीलाच शिकार मानतो, त्यानेही तत्क्षणी मिळणाऱ्या वर्दीला नापसंती दर्शविली आहे. उलट पक्षी, पूर्वेकडील दाट, पाणथळ रानांत पाण्याची वानवा नसते आणि हरणे विखुरलेली असतात. नोव्हेंबरात माजाचा काळ आला की नर आपला नेहमीचा टापू सोडून माद्यांच्या मागे भटकू लागतात, त्यामुळे ऑक्टोबरातल्या चित्रावर विसंबून बसलेला पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो. एकच कायदा सर्वत्र लावणे शहाणपणाचे ठरणार नाही ते याचसाठी.

परंतु कॅमेरा काही हरीण तेवढे पाहत नाही. सरकारी रानात फिरावयास गेलेले कुटुंब, मशरूम वेचणारी म्हातारी, शेजारचा शिकारी, यांच्या हालचाली कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जमा होत असतात, आणि त्यांपैकी कोणीही त्यास संमती दिलेली नसते. याचे दुःखद टोक आपल्याच देशात दिसले: केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात सरपण आणि गवत आणण्यास जाणाऱ्या स्त्रियांचा एकांत वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी कसा हिरावला, हे नोंदले आहे. शौचास बसलेल्या एका स्त्रीचे चित्र समाजमाध्यमांवर फिरविले गेले आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. वाघ मोजण्याचा हेतू कितीही उदात्त असो, रान ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे त्यांना विचारल्याशिवाय तेथे कॅमेरा लावण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामाईक जमिनीचा आणखी एक प्रकार अमेरिकेत फार आढळतो: दहा-पंधरा जणांनी मिळून शिकारीसाठी इजाऱ्याने घेतलेले रान, किंवा भावंडांत अविभक्त राहिलेली वडिलोपार्जित जमीन. येथे सरकारी फर्मान बहुधा पोहोचत नाही, आणि भांडणे मात्र येथेच अधिक कडवट होतात. कोणी दुसऱ्याच्या मचाणाजवळ कॅमेरा बांधतो, कोणी कार्ड पळवितो, कोणी मोठ्या नराचे चित्र मिळूनही सहकाऱ्यांपासून दडवितो. अशा मंडळींनी हंगामापूर्वी एक करारपत्र करावे हे उत्तम. कॅमेरे कोठे आहेत त्याचा नकाशा सर्वांकडे असावा, प्रत्येक पेटीवर नाव असावे, माणसांची चित्रे ताबडतोब पुसली जावीत, आणि पहिल्या दिवसाची पहाट होण्याआधी चित्र पाठविणारे कॅमेरे बंद व्हावेत. यास एकच अपवाद असावा असे मला वाटते. संध्याकाळी गोळी लागलेले हरीण रक्ताचा माग तोडून दुसऱ्याच्या हद्दीत शिरले, तर त्या रात्रीपुरते तिकडचे कॅमेरे चालू करण्याची मुभा करारात लिहून ठेवावी, म्हणजे जखमी जनावर दोन-दोन दिवस झुडपात तडफडत राहणार नाही आणि त्याला शोधून त्याच्या वेदना संपविण्याची जी जबाबदारी गोळी झाडणाऱ्याने पत्करलेली असते, ती त्याला वेळेत पार पाडता येईल.