डिस्क बिघडली की मेमरी अपुरी पडली?

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद या सीमाभागात शेतकऱ्याला पहाणीचा उतारा संगणकावरूनच घ्यावा लागतो. पहाणी म्हणजे कर्नाटकातील सातबारा. ‘भूमी’ प्रकल्पामुळे तिच्या नोंदी संगणकावर आल्या. दोन-चार जीबी मेमरीचा जुना संगणक अशा कामात मध्येच थिजला आणि डिस्कच्या त्रुटीचा संदेश आला, की नवी हार्ड डिस्क घेण्याचा सल्ला मिळतो. तो खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे तपासणे श्रेयस्कर.

मेमरी भरत आली की विंडोज प्रणाली सध्या न लागणारी माहिती डिस्कवरील पेजफाइलमध्ये हलवते. हे काम डिस्कच्या ड्रायव्हरमार्फत होते आणि त्यासाठी त्यालाही थोडी मेमरी लागतेच. विहिरीत पडलेला पोहरा काढण्यासाठी पोहराच हवा, तशी ही अडचण. म्हणून उत्तम ड्रायव्हर थोडी मेमरी आधीच राखून ठेवतो. तशी तरतूद नसल्यास लेखन फसते.

शोध घेण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील सिस्टीमच्या नोंदी पाहाव्यात. क्रमांक 51 पेजिंगच्या वेळी आलेली त्रुटी दाखवतो, तर 129 म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर न दिल्याने तिला रीसेट करावे लागले. मात्र या दोन्ही नोंदी सदोष डिस्क किंवा सैल केबलमुळेही येतात. म्हणून त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर पाहावा. मेमरी मोकळी असतानाही त्रुटी येत असेल, तर केबल आणि डिस्क तपासावी. मेमरी भरल्यावरच येत असेल, तर संशय मेमरीवर घ्यावा.

तेथेच ‘नॉनपेज्ड पूल’चा आकडा दिसतो. संगणक सुरू असताना तो तासागणिक वाढतच राहिला, तर एखादा ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत करत नसण्याची शक्यता असते. पुन्हा सुरू केल्यावर तात्पुरता दिलासा मिळतो. खरा उपाय म्हणजे निर्मात्याच्या संकेतस्थळावरील सुधारित ड्रायव्हर. आकडा स्थिर असल्यास सी ड्राइव्हवर पुरेशी जागा ठेवावी, पेजफाइल बंद केलेली असल्यास ती पुन्हा प्रणालीच्या नियंत्रणात द्यावी आणि शक्य असल्यास मेमरी वाढवावी.

यानंतरही त्रुटी कायम राहिली, तरच नव्या डिस्कचा विचार करावा.