तळहात सांगतो दल कोणते

सॅल्यूटचा हात नीट पाहा; गणवेशाकडे न बघताही दल ओळखता येते. भूदलाच्या जवानाचा तळहात पूर्ण उघडा, समोर वळलेला. बोटे घट्ट जुळलेली, मधले बोट भुवईपाशी. नौसैनिकाचा तळहात मात्र जमिनीकडे. जहाजावर डांबर-ग्रीसने माखलेले हात वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून ही रीत पडली, असे परंपरेने सांगतात. हवाई दलाने २००६ मध्ये पद्धत बदलली: हात ४५ अंशांत तिरका.

सॅल्यूट माणसाला नव्हे, राष्ट्रपतींनी बहाल केलेल्या अधिकारपदाला असतो. वरिष्ठाने तो परत करायचा असतो. मला तर हा परतीचा सॅल्यूटच जास्त मोलाचा वाटतो.

हुद्द्याला मान देण्याची दुसरी रीत म्हणजे दरबारी मुजरा. त्यात कमरेत वाकून उजवा हात खालून कपाळापर्यंत न्यायचा, तोही तीनदा. ‘त्रिवार मुजरा’ हा शब्दप्रयोग आजही आपल्या तोंडी आहे. वारीत मात्र हुद्दा नाही, वय नाही, जात नाही. तुम्ही ‘माउली’ म्हणत पायाशी वाकलात की समोरचे सत्तरीतले आजोबाही तुमच्या पायाशी वाकतात, कपाळी बुक्का, गळ्यातली तुळशीमाळ पुढे लोंबत असते.