ट्रक घाटांत कां ओढीना ?

गेल्या दिवाळीच्या सुटींत मी आजोळीं गेलों होतों. माझे मामा नाशिक जिल्ह्यांत राहतात. त्यांचा एक जुना ट्रक आहे. लासलगांवचा कांदा भरून ते मुंबईकडे जातात आणि परत येतांना लोखंडी सळया घेऊन कसाऱ्याचा घाट चढतात. नेहमीं सुटींत मामांचें दर्शन क्वचितच घडे. या खेपेस मात्र ते ओट्यावर बसलेले आणि ट्रक अंगणांत उभा. चौकशी करतां समजलें कीं, पावसाळ्यापूर्वीं मामांनीं सोबतीच्या ट्रकवाल्यांचें ऐकून इंजिनाला एक मोठा टर्बो बसवून घेतला होता, आणि तेव्हांपासून ट्रक घाटांत ओढीनासा झाला होता. जो चढ पूर्वीं तिसऱ्या गिअरांत पार पडे, तेथें आतां दुसरा गिअर घालूनही इंजिन धापा टाकी व मागून काळ्या धुराचा लोट निघे. एका कारागिरानें "इंजिन संपलें, खोलावें लागेल" असा निर्णय दिला होता. त्याचा खर्च लाखाच्या पुढें. पतसंस्थेचे दोन हप्ते आधींच थकलेले. आणि मामींनीं बांगड्या काढून देण्याची तयारी दाखविलेली!

पुढें जें घडलें तें समजण्यास टर्बो म्हणजे काय हें प्रथम जाणून घेतलें पाहिजे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या वर येतांना सिलिंडरांतील हवा मूळच्या सुमारें सतराव्या हिश्श्याइतक्या जागेंत कोंबली जाते व त्यामुळें ती इतकी तापते कीं, तींत तेलाचा फवारा पडतांच तें पेट घेतें. परंतु जळण्यास हवा हवी. एक लिटर डिझेल पुरतें जळण्यास निदान बारा किलो हवा लागते. म्हणजे सुमारें दहा हजार लिटर, सात फूट लांब, सात फूट रुंद व सात फूट उंच खोलींत मावेल तितकी! हवा कमी पडली तर वाढीव तेल बळ देत नाहीं, त्याची काजळी होते. म्हणून इंजिनाचें सामर्थ्य वाढवावयाचें तर आधीं हवा वाढविली पाहिजे. १९०५ सालीं आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरानें यावर जो उपाय पेटंट करून घेतला, तोच आजचा टर्बो. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरानें एक चाक फिरवावयाचें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चाक बसवावयाचें आणि त्यानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत लोटावयाची. ट्रकाच्या टर्बोचा हा दांडा मिनिटास लक्ष फेऱ्यांच्या घरांत फिरतो, हें ऐकून मी तर चकितच झालों.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तेल जळलें कीं धूर होतो, धुरानें टर्बो फिरतो, टर्बोनें हवा येते आणि हवा आली कीं अधिक तेल जळतें. हें एक वर्तुळ आहे. त्याचा एक दुवा ढिला झाला कीं सारेंच इंजिन मंदावतें. म्हणून दोष कोठला हें नुसत्या बळाच्या उणेपणावरून ओळखतां येत नाहीं.

गांवांत एस. टी. च्या कार्यशाळेंतून निवृत्त झालेले एक वृद्ध मेस्त्री राहतात. मामींच्या आग्रहावरून मामांनीं त्यांस बोलाविलें. मला वाटलें, ते येतांच पाने हातांत घेतील. पण त्यांनीं चहा घेतला आणि प्रश्न विचारण्यास आरंभ केला. "मालक, टर्बो बदलला त्या दिवशीं आणखी कशाला हात लावला ? सपाटीवर गाडी कशी पळते ? धूर तेव्हांपासूनच आहे, कीं मागाहून सुरू झाला ?" मामा जरा घुटमळले. मग म्हणाले, "प्रथम धूर फारसा नव्हता. गाडी ओढीना म्हणून त्या लोकांनीं पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवून दिलें, तेव्हांपासून धूर वाढला. सपाटीवर, वेग घेतल्यावर, बरी पळते."

तेल वाढविण्याची ही युक्ति किती घातक आहे हें मेस्त्रींनीं मला नंतर समजाविलें. हवेवांचून वाढविलेल्या तेलानें बाहेर पडणारा वायु अतिशय तापतो. टर्बोंत शिरतांना त्याची उष्णता ७०० अंशांपलीकडे जाऊन तशीच फार वेळ राहिली तर दट्ट्यांस धोका पोंचतो. कारण ते ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम तर ६६० अंशांवरच वितळतें. म्हणजे जें इंजिन अद्याप संपलें नव्हतें तें या उपायानें खरोखरच संपलें असतें.

मेस्त्रींची सारी भिस्त दोन साक्षीदारांवर होती : धूर आणि दाब. त्यांनीं आपल्या पेटींतून एक लहान दाबमापक घड्याळ काढलें व रबरी नळीनें तें इंजिनाच्या हवेच्या वाटेस जोडून चालकाच्या खोलींत टांगलें. धूर काळा आणि दाब कमी, तर हवा कोठें तरी गळते अथवा टर्बो ती देत नाहीं. धूर नाहीं आणि बळही नाहीं, तर तेल पोंचत नाहीं, मग दाब कितीही दिसो. अशा वेळीं डिझेलचा फिल्टर पहावा आणि पंपावर येणारी हवेची बारीक नळीही पहावी. ही नळी पंपांतील पडद्यास हवेचा दाब कळविते व दाब आल्यावरच पंप पुरतें तेल सोडतो. टर्बो बदलतांना ती चिरली किंवा लावावयाची राहिली तर निर्दोष पंपावर आणि इंजिनावर व्यर्थ संशय येतो. मामांच्या ट्रकाची नळी मात्र ठीक होती.

"मग आतांच इंजिन चालू करून पाहूं," असें मी उतावीळपणें म्हणालों. मेस्त्री हंसले. उभ्या ट्रकाचें इंजिन कितीही जोरानें फिरविलें तरी त्यास ओझें नसतें. ओझें नाहीं म्हणून तेल थोडें, तेल थोडें म्हणून धुराचा जोर थोडा, आणि काटा जागचा हालत नाहीं. ज्यांनीं टर्बो बसविला त्यांनीं आपल्या अंगणांतच परीक्षा घेऊन "उत्तम" म्हटलें होतें.

तेव्हां दुसऱ्या दिवशींच्या खेपेस मामांबरोबर मेस्त्री व मी असे दोघेही निघालों. परतीस सळया भरल्या आणि रात्रीं कसाऱ्याचा घाट लागला. माझ्याकडे विजेची बत्ती, वही व पेन्सिल. मेस्त्री फेऱ्या सांगत आणि मी काटा पाहून आंकडा लिहीत असें. इंजिनाच्या मिनिटास १५०० फेऱ्या असतां दाब अवघा ०.२ किलो ! घाट संपल्यावर सपाटीवर २२०० फेऱ्यांस तो ०.६ पर्यंत गेला. मागें धूर इतका कीं पाठीमागची मोटार दिसेना. दोन्ही साक्षीदार एकच सांगत होते कीं, हवा अपुरी आहे.

घरीं परतल्यावर गळतीचा शोध सुरू झाला. हवेचा फिल्टर प्रथमच काढून पाहिला. तो स्वच्छ होता. मग पंक्चरवाल्याचा हवेचा पंप आणला, टर्बोचें तोंड बुचानें बंद करून आंत अर्धा किलोच हवा भरली आणि सांध्यासांध्यावर साबणाचें पाणी सोडलें. एका ठिकाणीं भसाभस फेंस आला. नव्या टर्बोचें तोंड जुन्यापेक्षां मोठें. त्यावर जुनाच होज पाईप ताणून बसविलेला, म्हणून क्लिप आवळली तरी तो पकडीत नव्हता. धुराच्या बाजूस काळे ओघळ दिसतात काय, दांडा हातानें सैल लागतो काय, हेंही मेस्त्रींनीं पाहिलें. तेथें कांहीं आढळलें नाहीं. योग्य मापाचा होज बसवून पुढच्या खेपेस पुन्हां आंकडे घेतले. १५०० फेऱ्यांस ०.३. सुधारणा झाली, पण ट्रक अजून पूर्वीसारखा ओढीना. मामांचें तोंड पुन्हां उतरलें.

आतां राहिला तो टर्बोच्या आकाराचा प्रश्न. बागेंतील नळीच्या तोंडावर अंगठा धरला म्हणजे तेंच पाणी दूर उडतें, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. टर्बोचें कवच शंखाच्या आकाराचें असतें व त्याच्या अरुंद वाटेंतून धूर जोरानें चाकावर आदळतो. ती वाट रुंद केली कीं तेवढाच धूर सावकाश जातो आणि चाक रेंगाळतें. मोठा टर्बो मोठ्या इंजिनासाठीं असतो. मामांचें इंजिन घाटांत १५०० फेऱ्यांवर जेवढा धूर देतें तेवढ्यानें तें जड चाक जागें होत नाहीं. वेग वाढला म्हणजे होतें, म्हणून सपाटीवर ट्रक बरा पळे. याच्या उलट, फारच लहान टर्बो बसविला तर वरच्या वेगांत धूर कोंडतो व इंजिन तापतें. अलीकडच्या, संगणक असलेल्या ट्रकांत आणखी एक घोंटाळा संभवतो : टर्बोनें ठरल्याहून अधिक दाब दिला तर संगणक तो दोष समजून आपण होऊन तेल तोडतो. अशा वेळीं हवा भरपूर असूनही गाडी मरगळते आणि धूर मुळींच दिसत नाहीं.

"मालक, जुना टर्बो कोठें आहे ?" मेस्त्रींनीं विचारलें. तो पोत्यांत गुंडाळून खाटेखालीं ठेवलेला होता. मोठ्या टर्बोस दिलेले पैसे बुडाले, हें मामांस पटावयास एक रात्र लागली. तीं माणसें तो परत घेण्यास तयार नव्हतीं. सकाळीं मामांनीं स्वतःच तें पोतें बाहेर काढलें. दांड्यास हेलकावा नव्हता, पाती शाबूत होतीं. जुना टर्बो जुन्या होजासह चढला, आणि पंप नाशिकास नेऊन यंत्रावर मोजून तेल पूर्वीच्या मापावर आणलें.

तोंवर माझी सुटी संपली होती. पुढील आंकडे मामांनीं दूरध्वनीवरून कळविले व मीं ते त्याच वहींत लिहून ठेविले आहेत : १५०० फेऱ्यांस ०.५, २२०० फेऱ्यांस ०.८, घाटांत तिसरा गिअर, धूर नाहीं. त्या महिन्यांत एक हप्ता भरला गेला. मामींच्या बांगड्या त्यांच्या हातांतच आहेत, आणि नवा टर्बो त्याच पोत्यांत, त्याच खाटेखालीं पडलेला आहे.