भाऊ, पेशी वाढल्या का?

मालेगावात माझी रक्ततपासणीची लॅब आहे. डेंग्यूची साथ आली की काउंटरवर एकच प्रश्न असतो, "भाऊ, पेशी वाढल्या का?" विचारायचं असतं प्लेटलेटबद्दल. वाढल्या तर श्रेय पपईच्या पानांना नाहीतर किवीला. खरं श्रेय हाडांच्या पोकळीतल्या मॅरोचं, तिथल्या मूलपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं.

रक्तातला माल फार टिकत नाही. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, प्लेटलेट 8-10 दिवस. मोठ्या माणसाच्या मॅरोत रोज साधारण 20 हजार कोटी नव्या लाल पेशी घडतात.

मग मूलपेशी संपत कशा नाहीत? सोयाबीन निघालं की आपल्याकडे घरचं बियाणं बाजूला काढून ठेवतात, तसंच हे. मूलपेशीच्या दोन झाल्या की बहुधा एक मूलपेशीच राहते, दुसरी कामाला लागते. कधी दोन्ही राहतात, कधी दोन्ही जातात. एकूण हिशेब जुळतो. भराभर वाढायचं काम पुढच्या पिढ्यांचं. मूलपेशी स्वतः बहुतेक वेळ निवांत असते.

मग एकाच मूलपेशीतून निरनिराळ्या रक्तपेशी कशा? जनुकं सगळ्यांत तीच. कोणती चालू, कोणती बंद, यावर पेशीचं काम ठरतं. किती घडवायच्या, हे शरीराची गरज सांगते : ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सुटतं आणि लाल पेशी वाढतात.

मूलपेशी काही माझ्या स्लाइडवर दिसत नाही, तिची ताजी पिढी मात्र दिसते. लोहाच्या गोळ्या सुरू होऊन आठवडा झाला की डॉक्टर रेटिक काउंट, म्हणजे कोवळ्या लाल पेशींची मोजणी, मागतात. रक्तात न्यू मिथिलीन ब्लू मिसळायचं, थोडा वेळ ठेवून स्लाइड ओढायची. सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली काही लाल पेशींत निळी जाळी दिसते. केंद्रक टाकून नुकत्याच मॅरोबाहेर पडलेल्या या पेशी. एक-दोन दिवसांत जाळी विरते. हिमोग्लोबिनचा आकडा हलण्याआधी या पेशी वाढतात आणि मॅरो कामाला लागल्याचं कळतं.

याच मूलपेशींच्या जोरावर मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. पण रक्ताची मूलपेशी रक्तच घडवते. गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर 'स्टेम सेल'ची जाहिरात दिसली, तर आधी विचारा : हा मान्य उपचार आहे की चाचणी? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्य आजारांपलीकडे मूलपेशी फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच वापरता येतात.