चाप ओढला, पण बार उडाला नाही

चाप ओढला, आत ‘टक्’ वाजलं आणि पुढे काहीच घडलं नाही. नोव्हेंबरच्या थंडीत कॅनडात किंवा अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस असो, की पीक संरक्षणासाठी परवाना घेतलेला कोकणातला बागायतदार, रायफल वापरणाऱ्याला हा क्षण कधी ना कधी गाठतोच. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीला बंदी आहे आणि शेत उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरावर गोळी झाडायची तरी वनखात्याची परवानगी लागते. पण रायफल कोणत्याही देशातली असली तरी तिच्या आतलं यंत्र तेच आहे, आणि फुसक्या बाराबद्दलचे गैरसमजही तेच. त्यातले काही माणसाचा डोळा किंवा जीव घेऊ शकतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

पहिला समज असा : बार झाला नाही म्हणजे काडतूस मेलं, बोल्ट (काडतुसामागची सरकती कडी) मागे ओढा, ते फेका, दुसरं भरा. असं लगेच कधीही करू नये. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे जुन्या भाषेतली टोपी, असते. फायरिंग पिनेचा ठोका बसला की तिच्यातलं स्फोटक मिश्रण पेटतं आणि त्याची ज्योत दारूपर्यंत जाते. प्रायमर अशक्त असला किंवा दारू दमट असली तर मध्ये वेळ जातो. हा उशीर बहुधा सेकंदाच्या अंशाइतका असतो, पण दर वेळी तसाच असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. बोल्ट बंद असताना दारूचा दाब पोलादी चेंबर पेलतं. तोच बोल्ट अर्धवट उघडलेला असेल तर पितळेची पातळ पुंगळी फाटते आणि तिचे तुकडे थेट तोंडावर येतात. म्हणून नळी सुरक्षित दिशेला तशीच रोखून धरायची, किमान तीस सेकंद थांबायचं, आणि मग चेहरा बाजूला ठेवून बोल्ट उघडायचा. शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात हे अगदी सुरुवातीला शिकवतात. आपल्याकडे परवाना मिळाल्यावर हे कोणी सांगतंच असं नाही, याची मला खरी काळजी वाटते.

याहून वाईट प्रसंग म्हणजे आवाज झाला, पण नेहमीसारखा नाही. नुसतं ‘फुस्स’ झालं आणि खांद्याला धक्का जाणवला नाही. “कमी जोराचा गेला, पुढचा नीट जाईल,” असं म्हणत दुसरी गोळी झाडणं म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण. पहिली गोळी नळीतच अडकलेली असू शकते. इथेही आधी तसंच थांबायचं, मग रायफल रिकामी करून बोल्ट बाहेर काढायचा आणि मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. दिसला नाही तर त्या दिवसाचं काम तिथेच संपलं.

आता ‘दोष काडतुसाचाच’ या लाडक्या समजाकडे वळू. कधी तो खरा असतो, पण बऱ्याचदा लोक काडतुसांचे डबे बदलत राहतात आणि रायफल तशीच आजारी राहते. खरा साक्षीदार असतो प्रायमरवरचा खड्डा. न उडालेलं काडतूस आणि त्याच रायफलीतून नीट उडालेली पुंगळी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही खड्डे सारखेच खोल आणि मधोमध असतील तर संशय काडतुसावर घ्यावा. न उडालेल्यावरचा खड्डा उथळ असेल तर ठोकाच कमजोर बसतो आहे. खड्डाच नसेल तर पीन तुटली आहे किंवा पुढपर्यंत पोहोचतच नाही. ‘दुसऱ्यांदा चाप ओढल्यावर उडालं, म्हणजे काडतूस चांगलं होतं,’ हे अनुमानही घाईचं आहे. घरी भरलेल्या काडतुसात प्रायमर पुरता खाली बसलेला नसला तर पहिला ठोका तो खाली बसवण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्याने बार उडतो. म्हणजे गुन्हेगार कमजोर ठोका असेल किंवा वर राहिलेला प्रायमर, आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

कमजोर ठोक्याची कारणं शोधताना सर्वांत आधी पाहावं ते तेल. ‘तेल जितकं जास्त, तितकी रायफल सुरळीत’ हा समज घरोघर आहे आणि फुसक्या बारांना तो वारंवार कारणीभूत ठरतो. बोल्टच्या पोकळ नळीत फायरिंग पीन आणि तिच्याभोवती स्प्रिंग असते. पिनेने त्या अरुंद जागेतून वेगाने पुढे जायला हवं. तिथे तेल साचलं की धूळ आणि काजळी मिसळून त्याचा चिकट थर बनतो. घरात चाचणी घेतली तर सगळं ठीक वाटतं. उणे वीस अंशांत तोच थर तुपासारखा थिजतो आणि पीन रेंगाळत पुढे जाते. थंड मुलखातले अनुभवी शिकारी म्हणूनच बोल्टचा आतला भाग धुऊन कोरडा ठेवतात, फार तर ग्रॅफाइटची पूड वापरतात. कोकणातली अडचण उलटी आहे. पावसाळ्यात गंजाच्या धास्तीने लोक दिसेल त्या फटीत तेल ओततात. बाहेरच्या पोलादाला तेल हवंच, पण बोल्टच्या आत पुसून उरेल तेवढा हातच पुरे. गंज सोडवणारे स्प्रे तर काडतुसांच्या जवळही नेऊ नयेत. ते झिरपण्यासाठीच बनवलेले असतात आणि प्रायमरपर्यंत पोहोचले तर त्याला निकामी करू शकतात.

सैन्याच्या साठ्यातून विकल्या गेलेल्या जुन्या रायफली अमेरिकेत अनेकांकडे आहेत. रशियन मोसिन-नागान्त किंवा एसकेएस वर्षानुवर्षं कॉस्मोलिन नावाच्या घट्ट ग्रीसमध्ये ठेवलेल्या असत. ते ग्रीस आतून पूर्ण निघालं नाही तर मोसिनचे बार फुसके जातात. एसकेएसची पीन मोकळी हलणारी असते. ती ग्रीसमुळे पुढेच अडकली तर बोल्ट बंद होताना, चापाला बोट न लावता, गोळी सुटू शकते. एकच घाण एका रायफलीला मुकी करते आणि दुसरीला बेलगाम.

बोल्टचा दांडा पूर्ण खाली न बसणं हे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. माउझरच्या १८९८च्या धाटणीच्या बोल्टमध्ये दांडा किंचित वर राहिला असेल तर पिनेची ताकद दांडा खाली फिरवण्यातच जाते. ‘टक्’ झाल्यावर दांडा हलला का, एवढं पाहिलं तरी निदान होतं.

स्प्रिंग म्हातारी होते हे खरं, पण ‘जास्त कडक स्प्रिंग टाकली की सगळं सुटतं’ हे खरं नाही. चेंबरमध्ये काडतुसाला मागेपुढे हलायला जास्त जागा असेल तर पिनेच्या ठोक्याने ते पुढे सरकतं आणि ठोका बोथट होतो. भारतात बनणाऱ्या .३१५ स्पोर्टिंग रायफलीचं काडतूस बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकतं, तर .३०-०६ सारखं काडतूस खांद्यावर टेकतं. म्हणून दोन्हींत ही जागा मोजायची रीतही वेगळी. तिच्यासाठी गेज लागतो. नजरेने ती कळत नाही. जागा फार वाढलेली असेल तर पुंगळी फाटण्याचाही धोका असतो, आणि कडक स्प्रिंग तो धोका फक्त झाकते.

रिकामी रायफल चालवली की पीन तुटते का? मध्यभागी प्रायमर असलेल्या बहुतेक आधुनिक रायफलींना काही होत नाही. .२२ रिमफायरचं मात्र वेगळं आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच जातीच्या काडतुसावर. यात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत असतं, त्यामुळे रिकाम्या चेंबरमध्ये काही रायफलींची पीन थेट चेंबरच्या काठावर आपटते. काठाला खोक पडली की पुढे फुसके बार सुरू होतात. सरावासाठी नकली काडतूस वापरावं.

आणि कृपया चापाच्या यंत्रणेत घरी हात घालू नका. रेमिंग्टन कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत बोलावल्या, कारण कारखान्यातल्या जुळणीत चापाच्या यंत्रणेत चिकटद्रव्य जास्त गेलं होतं आणि गोळी आपोआप सुटण्याची शक्यता होती. कारखान्यातली एवढीशी चूक जर इतकी महाग पडत असेल, तर कानशीने ‘जरा हलका’ केलेल्या चापाचा भरवसा कसा धरावा?

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९च्या पाचव्या कलमानुसार बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो. रायफल दुरुस्तकाराकडे नेताना ती रिकामी आहे हे दोनदा पाहा. न उडालेली काडतुसं वेगळ्या डब्यात ठेवा, ती अजून जिवंत असू शकतात हे त्याला सांगा, आणि थंडी होती की पाऊस, काडतूस कोणत्या डब्यातलं होतं, तेल शेवटचं कधी घातलं, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.