इंजेक्शन सोडू नका, त्रास लपवू नका

मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ झाल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हापासून कुणाच्या रिपोर्टवर हे नाव आले की घरात रडारड सुरू होते. पण या गाठी सगळ्या सारख्या नसतात. काही झपाट्याने वाढतात, तर पुष्कळशा अगदी सावकाश. सावकाश वाढणाऱ्या गाठींचे रुग्ण औषधोपचारावर वर्षानुवर्षे शेती, नोकरी, संसार सांभाळतात.

सातारा-सांगली भागातल्या रुग्णांचे निदान मिरज, कराड, पुणे किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात होते आणि मग दर चार आठवड्यांनी एक जाड सुईचे इंजेक्शन सुरू होते. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड हे त्याचे नाव. आम्ही आरोग्याचे काम करणारे कार्यकर्ते या रुग्णांच्या घरी जातो, तेव्हा इंजेक्शन दुखते, थकवा येतो, केस विरळ झाले, हे लोक सांगतात. पण ज्या त्रासाने घराबाहेर पडणे बंद झाले, तो संडासचा त्रास मात्र तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तोही दबक्या आवाजात कळतो. काहीजण तर कुणाला न सांगता इंजेक्शनच चुकवतात. पोटाला थोडे बरे वाटते, आणि काही आठवड्यांत मूळ आजाराचे जुलाब परत येतात. म्हणून हा लेख.

हे इंजेक्शन करते काय?

आपल्या शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचे एक संप्रेरक असते. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले. त्याचे काम लगाम घालण्याचे. इतर संप्रेरके किती स्रवायची, आतड्याने किती हलायचे, यावर ते ताबा ठेवते. पण रक्तात ते काही मिनिटेच टिकते. इंजेक्शनमध्ये त्यासारखेच, पण हळूहळू झिरपत महिनाभर पुरणारे औषध असते. गाठ जादा संप्रेरके सोडत असेल तर त्यामुळे होणारे जुलाब आणि चेहरा तापणे त्याने आवरते, शिवाय गाठीची वाढही मंदावते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील अभ्यासात लहान आतड्याकडच्या गाठी पुन्हा वाढू लागण्याचा मध्यम काळ या औषधाशिवाय ६ महिने होता, तर ऑक्ट्रिओटाइडवर १४.३ महिने. इंजेक्शन परस्पर सोडले तर काय गमावतो, ते यावरून समजावे.

हा लगाम फक्त गाठीला लागत नाही. स्वादुपिंडाचा पाचक रस कमी होतो, पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, इन्सुलिनही कमी स्रवते. बहुतेक दुष्परिणामांचे मूळ इथे आहे आणि जवळजवळ प्रत्येकावर उपाय आहे.

संडासकडे पाहायला शिका

सगळे जुलाब एकाच कारणाचे नसतात. कारण वेगळे तर औषध वेगळे. म्हणून डॉक्टरांना ‘पोट बिघडलंय’ एवढेच सांगून भागत नाही.

पहिला प्रकार आजाराचा. पाण्यासारखे जुलाब, रात्रीही उठवणारे, उपाशी पोटीही होणारे, सोबत चेहरा-मान तापणे. पुस्तकांत ‘चेहरा लाल होतो’ असे लिहिलेले असते. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसेलच असे नाही. आतून गरम वाफ आल्यासारखे वाटते, हात लावला तर चेहरा तापलेला लागतो. तेही डॉक्टरांना सांगा. हा त्रास पुढच्या इंजेक्शनच्या आधीच्या आठवड्यात वाढत असेल तर तो मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण त्यावरून डॉक्टर मात्रा किंवा अंतर बदलायचे का ते ठरवतात.

दुसरा प्रकार इंजेक्शनचा. पाचक रस कमी पडल्याने तेल-तूप पचत नाही. शौच फिक्या मातकट रंगाची, चिकट, फार वास येणारी होते. पाण्यावर तवंग दिसतो, दोन तांबे ओतूनही भांड्याला चिकटून राहते. पोट फुगते, गुडगुडते, वजन उतरते. असे असेल तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टर शौचाची एक साधी तपासणीही सांगू शकतात.

तिसरा प्रकार शस्त्रक्रियेनंतरचा. लहान आतड्याचा शेवटचा भाग किंवा पित्ताशय काढले असेल तर पित्तरस मोठ्या आतड्यात उतरून जुलाब होतात. त्याचे औषध आणखी वेगळे. आणि ताप, रक्त किंवा आव पडत असेल तर तो संसर्ग असू शकतो. अशा वेळी दुकानातून जुलाब बांधणारी गोळी आणून घेऊ नका.

कॅप्सूल आणि ताट

एन्झाइमची कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण उरकून हात धुतल्यावर घेतली तर अन्न पुढे निघून गेलेले असते. जेवण लांबले तर मात्रा विभागून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. चावू नका, गरम आमटीत टाकू नका. दुधाचा चहा-बिस्किटे, उपमा यांच्यासोबतही ती लागू शकते. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात डबी पत्र्याखाली ठेवू नका, गार जागी ठेवा. ही एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. कुणाला त्याची अडचण वाटत असेल तर मनात न ठेवता डॉक्टरांशी बोला.

आपल्याकडच्या स्वयंपाकात तेल दिसते त्यापेक्षा जास्त असते. शेंगदाण्याचे कूट, सुके खोबरे, मटणाच्या रश्श्यावरचा कट, साताऱ्याचे कंदी पेढे या सगळ्यांत स्निग्धांश भरपूर. ते कायमचे बंद करायची गरज नाही, उलट वजन घटत असताना स्निग्धांश पूर्ण तोडणे घातक ठरते. एका वेळी थोडे आणि कॅप्सूलसोबत, एवढे लक्षात ठेवा. दोन भरपेट जेवणांऐवजी दिवसात पाच-सहा वेळा थोडे थोडे खा. अंडी, मासे, डाळ, ताक-दही यांतून प्रथिने मिळू द्या. जुलाब जास्त असतील त्या दिवसांत मऊ भात, मुगाचे वरण घ्या आणि कच्च्या पालेभाज्या, तिखट बाजूला ठेवा. १ लिटर पाण्यात एक ओआरएसचे पाकीट कालवून घोट घोट पीत राहा.

दारूने चेहरा तापण्याचा त्रास बळावतो. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्यांना हे पथ्य वेगळे सांगायला नको. पण उपोसथाला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासिकांना आमची विनंती आहे की या इंजेक्शनवर असताना, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना, उपाशी राहू नका. आजारी भिक्खूंसाठी विनयातही सवलती आहेत. बुद्धपौर्णिमेची खीर जरूर घ्या, वाटीभरच आणि कॅप्सूलसोबत.

साखर, पित्ताशय, नाडी

इंजेक्शनमुळे रक्तातली साखर वाढू शकते, क्वचित उतरूही शकते. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. आधीपासून मधुमेह असेल तर इंजेक्शन सुरू होताना आणि मात्रा बदलताना साखर वरचेवर तपासा. नसेल तरीही ठरावीक काळाने तपासा.

पित्ताशय सुस्तावल्याने त्यात गाळ आणि खडे होतात. पुष्कळांना त्याचा काही त्रास होत नाही, पण अधूनमधून सोनोग्राफी लागते. नाडी मंद होऊ शकते, म्हणून रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. दीर्घकाळ इंजेक्शन घेणाऱ्यांत बी-१२ व ड जीवनसत्त्व कमी पडते, थायरॉइडही मंदावू शकते. ‘थकवा कॅन्सरचाच’ असे धरून बसण्यापेक्षा या तपासण्या करून घ्या. कमतरता निघाली तर ती भरून काढता येते.

सुई आणि तारीख

इंजेक्शन २८ दिवसांनी असते. ‘दर महिन्याच्या पाच तारखेला’ असा हिशेब धरला तर दिवस पुढे सरकतात. वार धरा. मंगळवारी घेतले असेल तर चार आठवड्यांनी मंगळवारीच. वर्षात अशी १३ इंजेक्शने होतात, १२ नाहीत. खर्चाचा अंदाजही तसाच बांधा.

औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. पुण्याहून एसटीने आणताना थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण औषध थेट बर्फाला टेकू देऊ नका. फ्रीजरमध्येही ठेवू नका. टोचण्यापूर्वी सुमारे अर्धा तास बाहेर काढून ठेवले की दुखणे कमी होते. ऑक्ट्रिओटाइडची पूड नीट न कालवल्यास सुई तुंबते आणि हजारो रुपयांचे औषध वाया जाते. गावातल्या सिस्टरने हे इंजेक्शन पूर्वी दिलेले नसेल तर सोबतच्या माहितीपत्रकातल्या पायऱ्या आधी वाचायची विनंती करा. आम्ही परिचारिकांनी यात कमीपणा मानू नये. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे द्यायचे. जागा चोळायची नाही. तिथे छोटी गाठ राहिली तर ती बहुधा औषधाचीच असते आणि हळूहळू विरते. लाल होऊन तापली, पू झाला, तर मात्र दाखवा.

एक वही करा. तारीख, बाजू, वजन, साखर, दिवसातून किती वेळा संडास, कसा रंग, चेहरा किती वेळा तापला, हे लिहा. साताऱ्याच्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव लागले, त्यांच्या लेकरांना लिहिण्याची ताकद सांगायला नको. पाच मिनिटांच्या ओपीडीत ही वही तुमच्या वतीने बोलते.

प्रवास आणि खर्च

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून टाटाला जाणाऱ्या रुग्णाला सर्वात मोठी धास्ती संडासची असते. शौचालयाजवळचा खालचा बर्थ मागा. जास्तीचे कपडे, पॅड, साबण, पाण्याची बाटली आणि ओआरएस वेगळ्या पिशवीत ठेवा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचे असेल तर इंजेक्शननंतर आपले पोट कोणत्या दिवसांत बिघडते ते वहीत पाहून आखणी करा.

पैशाअभावी इंजेक्शन चुकत असेल तर आधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. भारतीय कंपन्यांचे पर्याय चालतील का, हेही डॉक्टरांना विचारा.

वाट पाहू नका

उजव्या बरगडीखाली जोराची कळ, सोबत ताप किंवा कावीळ. पाठीत जाणारी असह्य पोटदुखी आणि उलट्या. पोट फुगून वायू न सरणे. जुलाबांनी लघवी कमी होऊन भोवळ येणे. साखर ७० च्या खाली जाणे. नाडी मंद होऊन चक्कर येणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणतीही शस्त्रक्रिया, अगदी दात काढायचा असला तरी, आपल्याला ही गाठ आहे हे आधी सांगा. भूल देताना अशा रुग्णांचा रक्तदाब एकाएकी बिघडू शकतो आणि त्याची तयारी आधीच करावी लागते.

सांगणे हाही उपचार

विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची हकिकत आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता, जवळ कुणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी त्याला धुऊन, उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बजावले की तुमचे आई-बाप इथे नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करायला हवी. पुढे चांगला रुग्ण कोण, हेही तिथे सांगितले आहे. जो औषध घेतो, पथ्याचे प्रमाण जाणतो आणि आपला आजार वाढला की उतरला, ते शुश्रूषा करणाऱ्याला खरे खरे सांगतो, तो. आणि चांगली शुश्रूषा करणारा तो, जो मलमूत्र काढताना किळस करत नाही.

घाणीची लाज आपल्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादली गेली. दुसऱ्यांची घाण उपसणाऱ्यांनाच घाणेरडे ठरवले गेले. ती लाज आपण धम्मदीक्षेबरोबर टाकली, मग आजारपणात ती परत का उचलायची? ज्या सुनेला सासऱ्यांसमोर, ज्या काकांना लेकीसमोर हे बोलता येत नाही, त्यांनी वही पुढे करावी. घरच्यांनीही ‘आज किती वेळा गेलात?’ हे चहाला विचारावे तितक्या सहज विचारावे. विहाराच्या रविवारच्या बैठकीत अशा रुग्णासाठी दाराजवळची जागा आणि शौचालयात पाण्याची बादली ठेवली, तर तो पुन्हा आपल्यात येऊन बसेल.

जयभीम!